आबांनी बंद केलेली गोळी

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. अकरा वर्षं झाली शुगर आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका प्रदर्शनातून ‘शुगरच्या पाल्याचा अर्क’ म्हणून कॅप्सूलची डबी आणली आणि आठवडाभरात डॉक्टरांची गोळी बंद केली. शिवाय सकाळी अनशापोटी अंगणातल्या सदाफुलीची चार पानं चावतात. गोळीनं पोट बिघडतं, पाल्याला साइड इफेक्ट नसतो, आपले वाडवडील पाल्यावरच जगले, असं त्यांचं म्हणणं. माझे मिस्टर म्हणतात हे सगळं थोतांड आहे. रोज दोघांचं वाजतं. मला दोघांचंही पुरतं पटत नाही. पाल्यात खरंच काही गुण असतो का? आणि आबांना सांगायचं कसं? – वैशाली

वैशाली,

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. आधी एक काम कर, बाकीचं पत्र नंतर निवांत वाच. उद्याच आबांची उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी दोन्ही वेळची साखर तपासून घे. त्याच रक्तात एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची, व लिव्हरची तपासणीही करायला सांग. दोन महिने गोळी बंद आहे, त्यामुळे त्यांचे पाय उजेडात नीट बघ. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे सगळं. कुठं भेग, फोड, न दुखणारी जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिपोर्ट आणि ती डबी, दोन्ही त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी परत कशी आणि किती सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील. जुन्या चिठ्ठीवरून घरच्या घरी सुरू करू नका, कारण मध्ये दुसरं काहीतरी पोटात जात होतं.

आता तुझा प्रश्न. पाल्यात गुण असतो का? असतो. मी तीस वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना वनौषधी शिकवल्या, आणि दर वर्षी पहिल्या तासाला एकच प्रयोग करायचे. ‘शुगरचा पाला’ म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा बेडकीचा पाला असतो. कुणी त्याला कावळी म्हणतं, कुणी मधुनाशिनी, हिंदीत गुडमार. रानातली वेल आहे, पान बोटभर, किंचित लवदार. एका मुलाला त्याची दोन पानं मिनिटभर चावायला द्यायची, चूळ भरायला लावायची आणि मग हातावर साताऱ्याचा कंदी पेढा ठेवायचा. पोराचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पेढा तोच, खवा तोच, वेलचीचा वास तोच, पण गोडवा गायब! चिमूटभर साखर दिली तर तोंडात वाळू घोळवल्यासारखं. अर्ध्या-पाऊण तासानं चव परत येते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अडवून धरतात, म्हणून असं होतं. हा प्रयोग ज्यानं एकदा केला तो आयुष्यात पाल्याला थोतांड म्हणणार नाही. तुझ्या मिस्टरांना करून दाखव.

पण जिभेवर घडलं ते रक्तात घडलंच असं नसतं, आणि नेमकी इथंच आबांची गफलत झाली आहे. पेढा गोड लागला नाही तरी त्यातली साखर पोटात गेलीच. बेडकीच्या पाल्यानं रक्तातली साखरही उतरते का, यावर काम झालेलं आहे. १९९० साली मद्रासमधल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम असा दीड वर्षाहून जास्त काळ दिला. साखर उतरली, आणि पाच जणांच्या तर गोळ्या बंद करता आल्या. आशा वाटावी असंच ते काम आहे. तरी माणसं अवघी २२, आणि कुणाला अर्क द्यायचा, कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे गुण अर्काचा किती आणि पथ्यपाण्याचा किती हे त्यातून सुटं करता येत नाही. आणि एक गोष्ट आबांना जरूर वाचून दाखव. त्या रुग्णांनी पहिल्या दिवशी गोळ्या फेकल्या नव्हत्या. अर्क जोडीला घेतला, रक्त तपासत राहिले आणि साखर उतरली तसतशा गोळ्या कमी झाल्या.

पाला आणि अर्क यातला फरक तुमच्या घरी वेगळा समजावायला नको, तुमच्याकडं ऊस असणारच. कांडं सोलून चघळलं तर माणूस किती साखर खाईल? दात दुखायला लागतात. रस काढला की ग्लासभर सहज जातो. तोच रस गुऱ्हाळावर काहिलीत आटवला की काकवी, पुढं गुळाची ढेप. वस्तू एकच, पण चघळायचं कांडं आणि ढेपेचा खडा यांचा हिशोब एक नाही. अर्काचं असंच असतं. दहा किलो पाल्याचा एक किलो अर्क केला असेल तर एका छोट्या कॅप्सूलमध्ये मूठभर पाला बसलेला असतो, आणि मूठभर पाला कोणी रोज दोन वेळा चावून खात नाही. वाडवडील पाल्यावर जगले असतील, अर्कावर कोणी जगलेलं नाही.

दुसरं, उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघते ते प्रमाण. एकाच जातीच्या उसाला एका रानात उतारा चांगला पडतो, शेजारच्या रानात कमी पडतो, तोड लांबली की आणखी घसरतो. कारखाना म्हणूनच उतारा मोजतो. पानातल्या औषधी द्रव्याचंही तसंच आहे. पावसाळ्यातलं पान, उन्हाळ्यातलं पान, सावलीत वाळवलेलं, उन्हात करपवलेलं, प्रत्येकाचा उतारा निराळा. चांगला औषध कारखानदार प्रत्येक बॅचमध्ये द्रव्य किती आलं ते मोजतो आणि डबीवर छापतो. प्रदर्शनातल्या टेबलावर ते मोजलेलं असेलच याची खात्री कोण देणार?

अर्क काढायची रीतही औषध घडवते किंवा बिघडवते. चीनमधल्या तू यूयू या संशोधिकेची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगायचे. मलेरियावर दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा उपयोग जुन्या ग्रंथांत लिहिलेला होता, पण काढा करून दिला की कधी गुण यायचा, कधी नाही. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत त्यांना बारीकशी नोंद दिसली: मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा. उकळावा असं नव्हतं! उष्णतेनं द्रव्य नासत असावं हे त्यांनी ओळखलं, १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला आणि तो लागू पडला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिननं जगभर लाखो जीव वाचवले, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पान तेच होतं. फरक पडला तो भिजवण्या-उकळण्यात.

‘पाल्याला साइड इफेक्ट नसतो’ हे आबांचं वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि खरं विचारशील तर त्यांनाही ते मान्य नसणार. आपली शेळी कण्हेरीच्या बांधाला ते मोकळी सोडतील का? कण्हेरीच्या पानातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यावर जातात, हे शेरडं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच तऱ्हेचं द्रव्य डिजिटॅलिसच्या पानात असतं आणि त्याचंच डिगॉक्सिन हृदयाच्या रुग्णांना थेंबाथेंबाच्या हिशोबानं देतात. मात्रा जराशी वाढली की तेच औषध घात करतं. खोकल्याला आपण अडुळसा देतो. त्याच्या पानातल्या व्हॅसिसिनवर काम करूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध घडवलं गेलं, आज कितीतरी सिरपमध्ये ते असतं. पण त्याच व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. घरात कोणी असेल तर लक्षात ठेव. ग्रीन टी तर किती साधा. कपातून प्यायला तर काही नाही, पण त्याच पानाचा अर्क कॅप्सूलमधून रोज ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य द्रव्य) किंवा त्याहून जास्त जाईल इतका घेणाऱ्यांत लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली आढळतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. लिव्हरची तपासणी करायला मी सुरुवातीलाच सांगितलं ते याचसाठी.

आता सदाफुली. हिच्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण साताऱ्या-सांगलीकडं शुगरवाल्या घरात ती हटकून असते आणि सकाळी फिरायला येणारी माणसं एकमेकांना तिची पानं देत असतात. मूळची मादागास्करची, पण आता अंगणाअंगणात रुजलेली. शुगरवर ती चालते हा समज जमैकातही होता. तिथून १९५२ मध्ये कॅनडातल्या एका डॉक्टरांकडं एका पाकिटात २५ पानं आली आणि त्यांनी ती आपल्या भावाकडं, रॉबर्ट नोबल यांच्याकडं दिली. नोबल यांनी अर्क उंदरांना पोटातून दिला, साखरेवर काहीच परिणाम नाही. मग टोचून दिला. साखर उतरली नाहीच, पण उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले. बघितलं तर त्यांच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगजच दबला होता. दुसरा कोणी असता तर पानं उकिरड्यावर टाकली असती. नोबल आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला: जे पांढऱ्या पेशी मारतं ते रक्ताच्या कर्करोगात का चालणार नाही? १९५८ पर्यंत त्यांनी व्हिन्ब्लास्टिन वेगळं केलं, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन आलं, आणि ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना ते आजही देतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर द्रव्य हाती लागतं.

म्हणजे चार पानांत ते अगदी नगण्य आहे, आबा आज चार पानांनी आजारी पडतील असं मी म्हणत नाही. पण हे पान शुगरचं म्हणून ते चावतात, आणि शुगरसाठी माणसांवर त्याचा भरवशाचा पुरावा नाही. जे सिद्ध झालं आहे ते पेशी मारणारं औषध. व्हिन्क्रिस्टिननं नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात, आणि शुगरच्या माणसाच्या नसा आधीच नाजूक असतात. अनशापोटीची ही सदाफुली बंद करा. झाड राहू दे, फुलं देवाला वाहा.

डबीकडं येऊ. ती उलटी कर आणि मागचं बारीक अक्षर वाच. आयुर्वेदिक औषध असेल तर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि वनस्पतींची नावं वजनासह असायला हवीत. बेडकी असेल तर ‘जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे’ असं लिहिलेलं दिसेल. नुसता १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याच्या नजरेत खाद्यपदार्थ आहे, औषध नाही. आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं छापलेलं असेल तर तेवढ्यावरूनच डबी बाजूला ठेव. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. कायदा मोडून माल विकणारा आत काय भरतो याची काळजी घेत असेल, असं मला वाटत नाही. शुगरच्या अशा चूर्णांत न सांगता ॲलोपॅथीची साखर उतरवणारी औषधं मिसळलेली सापडली आहेत. म्हणून दोन दिवसांत साखर धाडकन उतरली तर आनंदाआधी शंका येऊ दे.

आणि साखर उतरली तर काय, तेही घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, बडबड, चिडचिड. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. बेडकीचा पाला चावलेला असेल तर ती साखर गोड लागणार नाही, आबा म्हणतील हे काय पांचट पाणी दिलंस. तरीही पाजा. जीभ ओळखत नसली तरी रक्त ओळखतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आबांची गोळी कोणती ते तू लिहिलं नाहीस, पण ‘पोट बिघडतं’ यावरून ती मेटफॉर्मिन असावी, एकटी किंवा दुसऱ्या औषधाबरोबर. आबांनी ती बंद केली ती पाल्यासाठी. ही गोळीसुद्धा पाल्यातूनच आलेली आहे हे त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप होतं, शेंगवर्गातलं, जांभळ्या फुलांचं, झाडपाल्याच्या औषधात वापरलं जाणारं. त्यात ग्वानिडिन जातीची द्रव्यं असतात. १९१८ मध्ये ग्वानिडिननं जनावरांच्या रक्तातली साखर उतरते हे दिसलं. पण झाडातलं मूळ द्रव्य, गॅलेगिन, फार विषारी. मेंढ्या ते खाऊन मरायच्या. मग रसायनतज्ज्ञांनी त्याच घराण्यातली सौम्य रूपं घडवायला घेतली. १९२२ मध्ये मेटफॉर्मिन तयार झालं. त्याच सुमाराला इन्सुलिन आलं आणि सगळे तिकडं वळले. हे औषध पडून राहिलं ते १९५७ पर्यंत, तेव्हा फ्रान्समधल्या झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन निष्कर्ष मांडले. आज जगात मधुमेहाला बहुतेक ठिकाणी पहिली गोळी हीच. म्हणजे आबांनी पाला सोडून रसायन घेतलं होतं असं नाही. ज्याचं विष काढून टाकलं, मात्रा ठरवली आणि लाखो माणसांवर साठ-पासष्ट वर्षं पडताळून पाहिलं, तो पाला ते घेत होते. डबीतला पाला अजून त्या वाटेवरच्या पहिल्या दोन-चार पावलांवर आहे.

आणि पोटाचं म्हणशील तर आबा खरं बोलतायत. मेटफॉर्मिननं पोटात गुडगुड, मळमळ, जुलाब होतात, कितीतरी जणांना होतात. तुमच्या घरी त्यांच्या या तक्रारीकडं कोणी नीट लक्ष दिलं नाही, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. गोळी अनशापोटी घेत असतील तर जेवणाबरोबर घेऊन बघता येते. हळूहळू विरघळणारी, एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी मिळते, तिनं बहुतेकांचं पोट शांत राहतं. मात्रा कमीपासून वाढवत नेता येते. हे सगळं डॉक्टरांना विचारा. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्यांत बी१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यानंही पायाला मुंग्या येतात, तेव्हा तेही तपासायला सांगा. दोन महिन्यांची सगळी भांडणं कदाचित एका गोळीचा प्रकार बदलून मिटली असती.

माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं. कडुलिंबाचा रस सुरू केला आणि गोळी बंद. मी बहीण, हाच विषय शिकवणारी, आणि मी त्याच्याशी वाद घातला. तावातावानं घातला. त्यानं मला सांगायचंच बंद केलं. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, दुखलं नाही म्हणून त्यानं दाखवली नाही. अंगठा काढावा लागला. कडुलिंबाला मी दोष देत नाही. त्यानं माझ्यापासून लपवलं, आणि लपवायची वेळ मी आणली होती.

म्हणून तुझ्या मिस्टरांना सांग, ‘थोतांड’ हा शब्द घरात काढू नका. आबांना म्हण, पाल्यात गुण आहे, तुमचं खरं आहे, म्हणूनच त्याची मात्रा बघून घेऊ. त्यांना पाला घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्याकडं जा, बीएएमएस झालेले कितीतरी चांगले वैद्य कराडात आणि साताऱ्यात आहेत. वैद्यांना गोळीचं सांगा, डॉक्टरांना पाल्याचं सांगा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. घरी ग्लुकोमीटर आणा आणि आकडे वहीत लिहायचं काम आबांकडंच द्या. शेतकरी माणूस दुधाचा, उसाचा हिशोब ठेवतो तसा साखरेचाही ठेवील.

रोजच्या जेवणात पाला हवा तेवढा असू दे. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा, अंबाडी, आमटीतला कडीपत्ता बाजूला न काढता. ते अन्न आहे, त्याचं भय नाही. फक्त घरात कोणी रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घेत असेल तर पालेभाजी एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका, रोज साधारण सारखी ठेवा.

रिपोर्ट आले की मला कळव, आणि डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. अक्षरं स्पष्ट येतील असा, दिवसाच्या उजेडात काढ.

– तुझी ताई